मागच्या सीटवर कोण बसणार?

अम्मींचं माहेर श्रीवर्धनच्या बाजूला. पुण्याहून अंतर सुमारे १६० किलोमीटर. पण गुडघे दुखायला लागले तसं तेवढं अंतरही त्यांना परदेशाइतकं लांब झालं. एसटीच्या पायऱ्या चढवत नव्हत्या आणि आमच्या जुन्या लहान गाडीत घरातली सात माणसं मावत नव्हती. लग्न असो की मयत, निघताना घराचे दोन भाग व्हायचे. ‘तुम्ही जाऊन या, आम्ही घर सांभाळतो,’ हे वाक्य प्रत्येक वेळी अम्मी आणि फुफीच म्हणायच्या.

फुफी म्हणजे अब्बांची धाकटी बहीण. फुफा गेल्यापासून आमच्याकडेच असतात. अब्बा, अम्मी, फुफी, आम्ही दोघं आणि दोन मुलं, अशी आम्ही सात माणसं.

सात सीटची गाडी घ्यायची हे ठरलं, तेव्हा आणखी एक गोष्ट आधीच ठरलेली होती. व्याजाचं कर्ज काढायचं नाही. दोघांच्या पगारातून काही वर्षं बाजूला ठेवलेली रक्कम आणि जुन्या गाडीचे येतील तेवढे पैसे, एवढ्यातच भागवायचं. म्हणजे चूक करायला जागा नव्हती. एकदा घेतलेली गाडी मुलं कमावती होईपर्यंत चालवायची.

शोधता शोधता दोन नावं उरली. एक मारुतीची एर्टिगा, दुसरी किआची कॅरेन्स. एर्टिगा २०१२ साली आली आणि २०१८ मध्ये तिचं मोठं, नवं रूप आलं. कॅरेन्स २०२२ ची. दोन्हींत तीन रांगा, दोन्हींत सात माणसं. घरात लगेच दोन पक्ष पडले. अब्बा एर्टिगाचे. ‘गावोगाव हिचा मेकॅनिक मिळतो, रस्त्यावरची प्रत्येक तिसरी टॅक्सी हीच आहे, उगाच का?’ थोरली नववीत आहे, ती कॅरेन्सची. शोरूममध्ये बटण दाबल्याबरोबर मधली सीट आपोआप दुमडून पुढे गेली आणि तिसऱ्या रांगेत जायला वाट झाली, ते पाहून तिचं मत कायमचं बनलं.

आम्ही शिक्षक माणसं, वही घेऊन बसलो. कॅरेन्स एर्टिगापेक्षा थोडी लांब. हा काही सेंटिमीटरचा फरक कागदावर काहीच वाटत नाही, पण आमच्या गल्लीत गाडी वळवताना वाटतो. सगळ्या सीट उभ्या असताना डिकीत एर्टिगात २०९ लिटर जागा, कॅरेन्समध्ये २१६. म्हणजे दोन्हीकडे सारखीच अडचण. सात माणसं बसली की मागे दोन-तीन पिशव्यांपुरतीच जागा उरते. कॅरेन्स पहिल्यापासून सगळ्या प्रकारांत सहा एअरबॅग घेऊन आली, एर्टिगाच्या सगळ्या प्रकारांत त्या २०२५ मध्ये आल्या. डिझेल हवं तर कॅरेन्सच, कारण एर्टिगाचं डिझेल २०२० मध्ये बंद झालं. कंपनीचं सीएनजी हवं तर एर्टिगा, पण आम्ही पाहिलेल्या गाडीत टाकी डिकीतच बसवलेली होती. गॅसवर पैसे वाचतात हे खरं, पण मग सात माणसांच्या बॅगा कुठे ठेवायच्या? आणि सुरुवातीच्या किमतीत कॅरेन्स महाग.

वही भरली, निर्णय झाला नाही. तेव्हा अम्मी म्हणाल्या, ‘शोरूमच्या भोवती चक्कर मारून काय कळणार? मला माहेरी घेऊन चला, म्हणजे कळेल.’

दिवाळीच्या सुट्टीत भाड्याने एर्टिगा घेतली. फजर पढून निघालो. चांदणी चौक, पौड, मुळशी, मग ताम्हिणी घाट. पाऊस नुकताच ओसरलेला, डोंगर अजून हिरवे, दरीत धुकं. पुढे अब्बा, मधे अम्मी, आमच्यापैकी एकजण आणि धाकटा. मागे थोरली आणि फुफी. त्यांना मागे कुणी बसवलं नव्हतं. ‘मी बारीक आहे, मी बसते मागे,’ असं म्हणून त्या स्वतःच आत सरकल्या आणि आम्ही बसू दिलं.

घाट उतरून माणगावला चहासाठी थांबलो. सगळे उतरले, फुफी उतरल्या नाहीत. थोरलीने हळूच सांगितलं, ‘फुफीदादींना घाटात दोनदा उलटी झाली. पिशवीत केली. कुणाला सांगू नको म्हणाल्या.’ आम्ही पुढे बसून गाडीच्या पिकअपची, मायलेजची चर्चा करत होतो. मागे तोंडाला पदर लावून बसलेलं आपलं माणूस कुणाला दिसलं नव्हतं. दोष गाडीचा नव्हता. तिसरी रांग मागच्या चाकांवर येते, वळणावळणावर तिथे बसलेल्याला जास्त हेलकावे बसतात. कुठल्याही कंपनीच्या गाडीत हे होणारच. दोष आमच्या वाटणीचा होता.

पुढे म्हसळा, मग श्रीवर्धन. नारळी-पोफळीच्या वाड्या, अंगणात वाळत घातलेली सुपारी, दुपारच्या भरतीचा आवाज. हा सगळा मुलूख एके काळी जंजिऱ्याच्या सिद्दींच्या संस्थानात होता. अम्मी लहानपणीच्या गोष्टी सांगत होत्या. कुणी आलं की तांदळाची भाकरी आणि ताज्या मासळीचं कालवण व्हायचंच. त्या दिवशीही झालं. फुफींनी मात्र नुसता सोलकढीचा पेला घेतला.

जानेवारीत पुन्हा निघालो. अम्मींच्या भाच्याने आपली कॅरेन्स दोन दिवसांसाठी दिली. या वेळी अब्बांनी निघण्याआधीच नियम केला. ‘प्रत्येकाने मागे बसायचं. मीही.’ पौडपर्यंत अब्बा मागे, नंतर आमच्यातला एकजण, मग दुसरा. सत्तरीतले अब्बा गुडघे छातीशी घेऊन बसले आणि अर्ध्या तासात म्हणाले, ‘आता कळलं.’ फुफी मधल्या रांगेत खिडकीशी होत्या. मुळशीचं पाणी दिसायला लागलं तशा त्या काच खाली करून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘भाईजान, हे तळं मागच्या वेळीही होतं का?’

गाडीत कुणीच काही बोललं नाही.

परतीच्या वाटेवर आम्ही त्यांनाच विचारलं, ‘फुफी, तुम्हीच सांगा. कोणती घेऊ?’ त्या हसल्या. ‘बेटा, मला गाडीतलं काय कळतं? मधे बसवलंत तर दोन्ही चांगल्या. मागे बसवलंत तर दोन्ही सारख्याच.’

आमच्या वहीत जे नव्हतं ते या एका वाक्यात होतं. आम्ही तिसऱ्या रांगेत जायची वाट, बटण, पाय ठेवायची जागा हे सगळं मोजत होतो, कारण तिथे साठी ओलांडलेलं माणूस बसणार हे आम्ही न बोलता गृहीत धरलं होतं. तिथे मुलं बसणार असं ठरवल्यावर हिशोबच बदलला. नववीतल्या मुलीला सीट सरकवून आत जायला बटण लागत नाही. मग महाग गाडीसाठी वरचे पैसे का भरायचे? ते पैसे थोरलीच्या बारावीनंतरच्या शिक्षणासाठी ठेवलेल्या रकमेतून काढावे लागणार होते. हे ऐकल्यावर कॅरेन्सचा पक्ष तिने स्वतःच सोडला.

आम्ही एर्टिगा घेतली, पेट्रोलवरची. सीएनजी नाही, कारण डिकी मोकळी हवी होती. वरती कॅरिअर बसवलं. सगळे पैसे एकरकमी दिले, डोक्यावर कर्ज नाही, अल्हम्दुलिल्लाह.

याचा अर्थ प्रत्येकाने हीच घ्यावी असा नाही. ज्यांच्या घरात पाच-सहा मोठी माणसं आहेत, म्हणजे तिसऱ्या रांगेत रोज मोठ्यांनाच बसावं लागणार आहे, त्यांनी दुसरीचा विचार जरूर करावा. ज्यांचा रोजचा प्रवास लांबचा आणि सामान थोडं, त्यांना गॅसची परवडेल. पण शोरूममध्ये जाल तेव्हा घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला बरोबर न्या. त्यांना चढायला, उतरायला सांगा. स्वतः मागच्या रांगेत निदान पंधरा मिनिटं बसून गाडी खडबडीत रस्त्यावर फिरवून घ्या. पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅग तिसऱ्या रांगेपर्यंत पोचतात का, तिथे थंड हवा कुठून येते, हे विचारा. आणि त्याही आधी घरी बसून एक गोष्ट ठरवा. मागे कोण बसणार?

मेच्या सुट्टीत आमच्या गाडीने पहिला सफर केला, तो अर्थात श्रीवर्धनचाच. मुलं मागे भांडत, गात होती. फुफी खिडकीशी बसल्या होत्या. माणगावला चहासाठी थांबलो तेव्हा सगळ्यांच्या आधी त्याच उतरल्या, आणि अम्मींना हात द्यायला दारापाशी उभ्या राहिल्या.