एक मणी कमी

माउली, वडील गेल्यावर रिसोडच्या घरी त्यांची तुळशीची जपमाळ माझ्या हाती आली. मेरुमणी सोडून मोजली, तर मणी भरले 107. एक कधी गळला, कोणास ठाऊक!

देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांना अंकांचे वेड. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो, तिला त्यांनी नाव दिले ‘हर्षद’, म्हणजे हर्ष देणारी. 108 च्या अंकांची बेरीज 9, आणि बारा नव्वे एकशे आठ. ज्ञानेश्वरीचे अध्याय 18, एरवीच्या वर्षातल्या एकादशा 24, याही हर्षदच. 107 मात्र मूळ संख्या. 1 आणि ती स्वतः, याखेरीज तिला कोणीच भागत नाही. एक मणी गळला आणि वाटून घेणेच संपले.

तेव्हा धाकटा भाऊ आठवला. शेताच्या धुऱ्यावरून आमचे बोलणे बंद होते. वडिलांच्या माळेतून गळलेला मणी मीच होतो. त्याच संध्याकाळी त्याच्या दारी गेलो. नवा मणी त्यानेच ओवला.

माउली, आज आपली माळ मोजून पाहा. एखादा मणी कमी भरला, तर तो कोणाच्या दारी पडला आहे, तेही पाहा.

रामकृष्ण हरी.