आजीचा 'न' आणि कोड्यातला 'ण'

शब्दकोडे म्हटले की पुष्कळ जण नाक मुरडतात. रिकामटेकड्यांचा उद्योग म्हणतात. आमच्या घरी मात्र रविवारच्या पुरवणीतील कोडे सकाळच्या चहाइतकेच ठरलेले आहे. आता पालमसारख्या गावातही ज्याच्या त्याच्या हाती मोबाइल आहे आणि त्यातही अक्षरांचे खेळ आहेत. पण तो एकट्याने खेळायचा खेळ. कागदावरचे कोडे आम्ही सगळे मिळून सोडवितो. लिहायला सातवीतली मुलगी, घरे मोजायला आम्ही दोघे नवरा-बायको आणि शब्द पुरवायला आजी. आजीने शाळेचे तोंड पाहिलेले नाही. साक्षरता वर्गात सही करायला शिकली, तेवढेच.

हा खेळ मुळात परक्या मुलखातला. २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या वृत्तपत्राच्या पुरवणीत ऑर्थर विन यांनी पहिले कोडे छापले. इंग्रजीत एका घरात एक अक्षर आणि अक्षरे सारी मिळून २६. आपल्याकडे एका घरात काना-मात्रा-वेलांटीसह अख्खे अक्षर बसते. ३४ व्यंजनांची बाराखडी मांडली तर ३४ गुणिले १२, म्हणजे ४०८ अक्षरे होतात; जोडाक्षरे वेगळीच. म्हणून मराठी कोड्यात आडव्या-उभ्याच्या छेदात एक घर जरी भरले तरी मोठे काम होते. पहिल्या घरात 'कौ' आला की कौल, कौतुक, कौशल्य असे बोटावर मोजण्याइतके शब्द उरतात.

घरे मोजणे मुलांना आधी शिकवावे लागते. जोडाक्षराचे घर एकच, अनुस्वाराला वेगळे घर नाही. विद्यार्थी म्हणजे वि-द्या-र्थी, तीन घरे. आम्ही हा सराव आपल्या जिल्ह्याच्या नऊ तालुक्यांवर करून घेतला. सेलू आणि पूर्णा दोन घरांचे, पालम, पाथरी, जिंतूर तीन घरांचे, आणि मानवत, सोनपेठ, गंगाखेड, परभणी चार घरांचे. हेच पालम इंग्रजीत लिहिले तर पाच घरे अडवून बसते!

आता शब्द सापडायचा कसा? पहिली गोष्ट, सुरुवातीकडून नव्हे तर शेवटाकडून धरावा. सूचनेत जसे रूप तसेच उत्तराचे रूप असते. सूचना अनेकवचनी तर उत्तरही अनेकवचनी. 'वाट पाहत बसणे' अशी सूचना असेल तर शेवटच्या घरात पेन्सिलीने हलकेच 'णे' लिहून ठेवावे. पेन्सिलच हवी, कारण कोडे रचणारे कधी कधी क्रियेच्या सूचनेला 'प्रतीक्षा' असे नाम बसवून मोकळे होतात.

दुसरी गोष्ट, 'ण' आणि 'ळ' यांनी मराठी शब्द सुरू होत नाही. भेंड्या खेळणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे. 'ळ' वर गाणे संपले की समोरचा 'ल' मागून घेतो. कोड्यात हीच गोष्ट उपयोगी पडते. ज्या घरापासून एखादा आडवा किंवा उभा शब्द सुरू होतो, त्या घरात ही दोन अक्षरे येणारच नाहीत.

शुद्धलेखनाचे १९६२ चे १४ आणि १९७२ चे ४ असे १८ नियम मुलांना कंटाळवाणे वाटतात, पण कोड्यात ते चाव्यांसारखे चालतात. शब्दाच्या शेवटची वेलांटी-उकार दीर्घ. शेवटचे अक्षर साधे असले तर त्याच्या आधीची वेलांटी-उकारही दीर्घ. गरीब, बहीण, जांभूळ पाहा. बहीणची बहिणी झाली की ती ऱ्हस्व होते. मधुर, गुण असे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द यातून सुटतात.

विस्कटलेली अक्षरे जुळवायची असतील तेव्हा ती ओळीत न लिहिता गोलाकार लिहावीत. ओळीत लिहिली की डोळा तीच ओळ पुनःपुन्हा वाचतो. समजा ण, श, प, हा, ण अशी पाच अक्षरे दिली आहेत. त्यांच्या ६० वेगवेगळ्या ओळी होतात. पण शेवटी 'पण' बांधला की उरतात फक्त ६, आणि 'ण' पहिला येणार नाही म्हटल्यावर ४. मग शहाणपण सापडायला कितीसा वेळ! अक्षरांच्या चौकोनात लपलेले शब्द हुडकताना मात्र पहिल्या अक्षराच्या मागे लागू नये. शब्दात एखादे 'क्ष', 'ढ' किंवा 'ज्ञ' असेल तर तेच शोधावे आणि तिथून आजूबाजूला सरकावे.

एवढ्या सगळ्या युक्त्या आमच्याकडे होत्या, तरी एका रविवारी आम्ही अडलो. सूचना होती, 'पेरणीचे अवजार', घरे तीन. 'पाभर' बसेना, कारण उभ्या शब्दातून शेवटी 'ण' आला होता. सुपात ज्वारी पाखडता पाखडता आजी म्हणाली, "तिफन असंल." मुलगी म्हणाली, "आजी, इथं शेवटी ण आहे." आजीने हात न थांबवता सांगितले, "मंग तसं लिही. घरं तर तीनच हायत ना?"

हे वाक्य आम्हाला फार दिवस पुरले. त्याचे कारण वेगळे आहे. मुलगी पाचवीत असताना वर्गात 'पानी' म्हणाली आणि सारा वर्ग हसला होता. शिकविणाऱ्यांनीही हसू दाबले नव्हते. त्यानंतर ती धडा वाचायला उभी राहीनाशी झाली. आम्ही घरी दहादा म्हणवून घेतले, "पाणी, पाणी." जीभ वळायची, पण मान वर व्हायची नाही. तिफणीच्या त्या दिवशी मात्र तिने स्वतःहून एक वही केली. एका रकान्यात आजीचा शब्द, दुसऱ्यात कोड्याचा. इळा-विळा, येळ-वेळ, इहीर-विहीर, लोनी-लोणी. दोन्हीकडे घरे सारखीच! म्हणजे आजीचा शब्द घरात नेमका बसतो, फक्त एखाद्या अक्षराचा पेहराव बदलावा लागतो. जिथे आजीचे एक घर जास्त होते, तिथे तिने जोडाक्षर मोकळे केलेले असते. परकाश चार घरांचा, प्रकाश तीन. जलम तीन घरांचा, जन्म दोन. इस्तू आणि विस्तव मात्र कुठल्याच नियमात बसत नाहीत. ती जोडी वहीत चौकट आखून वेगळी ठेवली आहे.

काही दिवसांनी त्या वहीत तिसरा रकाना आला, पालीचा. धर्म-धम्म दोन घरे. प्रज्ञा-पञ्ञा दोन घरे. निर्वाण-निब्बान तीन घरे, आणि तिथे तर चक्क आजीचा 'न'! मुलगी वही घेऊन घरभर नाचली. बाबासाहेबांनी पालीचे व्याकरण आणि शब्दकोश यांवर काम केले होते; राज्य शासनाने ते १९९८ मध्ये त्यांच्या लेखन-भाषणांच्या सोळाव्या खंडात प्रसिद्ध केले. मुलीला आता तो खंड पाहायचा आहे. पालीत 'ण' नाही असा गैरसमज मात्र कुणी करून घेऊ नये. 'सरणं' मध्ये तो आहेच, आणि वंदना घेताना आजीसुद्धा तो स्वच्छ म्हणते.

दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' १९३२ ते १९३८ या काळात सात भागांत निघाला. गावोगावचे, धंद्या-धंद्यातले शब्द त्यात गोळा केलेले आहेत. आमचा कोश मात्र सुपाजवळ बसलेला असतो आणि विचारल्यावरच उघडतो. बैल हाकायची दोरी? कासरा. त्याच्या नाकातली? वेसण. ही उत्तरे आम्हा दोघांनाही अर्धवटच येत होती. ट्रॅक्टर आल्यापासून हे शब्द शिवारातूनही उठत चालले आहेत.

मुलगी आता वर्गात वाचते. कधी 'पानी' निघून जाते, मग ती स्वतःच पुढे 'पाणी' म्हणते आणि ओळ पुरी करते. यंदाच्या उन्हाळ्यात तिने आजीच्या शब्दांचेच एक कोडे रचले आणि पुण्याहून आलेल्या आतेभावाच्या हाती दिले. तो कॉलेजात शिकतो, इंग्रजी कोडी भराभर सोडवितो. इथे तो कासऱ्यापर्यंत आला आणि 'तिफणीवरचे बी सोडायचे लाकडी पात्र' या सूचनेवर अडला. घरे दोन, पहिले अक्षर 'चा' त्याला मिळालेले. त्याने आजीला विचारले, तर आजी म्हणाली, "नातीचा खेळ हाय, म्या कसं सांगू?" तो कागद खिशात घालून पुण्याला गेला आहे.