मध्यंतरातला निळा पडदा

विंडोज कोसळल्यावर येणाऱ्या निळ्या पडद्यावर ज्या ड्रायव्हरचं नाव उमटतं तोच गुन्हेगार असतो असं नाही. प्रभादेवीतले एक संगणक दुरुस्तीवाले काका हे वाक्य गिऱ्हाईक बॅगेची चेन उघडत असतानाच ऐकवतात. गिऱ्हाइकं बहुतेक आवाजाच्या धंद्यातली. नाटकांचे म्युझिक ऑपरेटर, डबिंगवाले, ऑर्केस्ट्राला ट्रॅक पुरवणारे. सयानी रोडवरचं रवींद्र नाट्य मंदिर हाकेच्या अंतरावर आणि दादरचं शिवाजी मंदिरही फार लांब नाही, त्यामुळे प्रयोगाच्या दिवशी दुपारी दोनला धापा टाकत येणारा ऑपरेटर ही इथे रोजची गोष्ट आहे.

आवाजावरच आळ का येतो, याचं त्यांचं उत्तर ठरलेलं आहे. वर्डची फाईल अर्धा सेकंद उशिरा उघडली तर कोणाला कळत नाही. आवाजाचं तसं नसतं. सेकंदाला ४८,००० नमुने आणि २५६ नमुन्यांचा बफर धरला, तर पुढचा घास भरवायला यंत्राला जेमतेम ५.३ मिलिसेकंद मिळतात. ड्रायव्हरने डीपीसी म्हणून मागे ठेवलेलं काम १०० मायक्रोसेकंदांच्या आत उरकावं, असं मायक्रोसॉफ्टच ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना सांगतं. एखादा वायफायचा ड्रायव्हर तिथे रेंगाळला की स्पीकरमधून ‘कट्‌, कट्‌’ सुरू होतं. तो फारच रेंगाळला तर विंडोज ८ पासून पडद्यावर ‘डीपीसी वॉचडॉग व्हायोलेशन’ येतं. ऐकू आला तो आवाज, म्हणून शिव्या साउंड कार्डाला.

कधी एखादा ड्रायव्हर दुसऱ्याच्या मेमरीत भलतंच काही लिहून ठेवतो, आणि सतत जागा असलेला ऑडिओ ड्रायव्हर सगळ्यात आधी तिथे ठेचकाळतो. अशा वेळी ते ड्रायव्हर व्हेरिफायर लावतात. विंडोज २००० पासून हे हत्यार प्रत्येक विंडोजमध्ये पडून आहे. ते लावलं की संशयित ड्रायव्हरने चूक केल्याक्षणी मशीन जागच्या जागी पाडलं जातं, आणि पंचनामा खऱ्या माणसाच्या नावाने होतो.

पण त्यांना वर्षानुवर्षं छळणारी अडचण वेगळीच आहे. टेबलावर न पडणारं मशीन.

एका व्यावसायिक नाटकाचा लॅपटॉप असाच त्यांच्याकडे पुन:पुन्हा येत राहिला. “काका, परत गेला. दुसऱ्या अंकाची एन्ट्री कोरडी झाली.” टेबलावर त्याने रात्रभर गाणी वाजवली, व्हेरिफायर सोसला, मेमरीची तपासणी पार केली. पडताना विंडोज जी नोंद लिहून ठेवतं तिचं, म्हणजे मिनिडम्पचं, फोल्डर मात्र रिकामं. ऑपरेटरने मध्ये तो दुसऱ्या एका दुकानात नेला होता आणि तिथे फॉरमॅट मारून दिला होता. त्यानंतरही प्रयोगात तो पडतच राहिला, तरी डम्प काही तयार होईना. याचा उलगडा दुकानात बसून होण्यासारखा नव्हता. शेवटी काका तालमीला गेले आणि ऑपरेटरच्या शेजारी बसले.

पहिला अंक सुरळीत गेला. चहाची हाक आली तसा ऑपरेटरने हेडफोन काढला, लॅपटॉपचं झाकण मिटलं आणि तो उठला. प्रयोगाच्या रात्रीही तो हेच करायचा, फक्त तेव्हा चहासोबत बटाटेवडा असायचा. परत येऊन त्याने झाकण उघडलं. पडदा काळा, ऑडिओ इंटरफेसचा दिवा लुकलुकतोय. त्याचं बोट सवयीने पॉवरच्या बटणाकडे गेलं. काकांनी त्याचं मनगट धरलं. प्रयोगात तिसरी घंटा झालेली असते, थांबायला कोणालाच सवड नसते. बटण दाबून ठेवलं की मशीन विझतं आणि डम्प लिहिलाच जात नाही. तालमीत थांबता आलं. काही मिनिटं काळोख राहिला आणि मग निळा पडदा आला: ‘ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर’, ०x९एफ. झोपेतून उठताना विंडोजने इंटरफेसच्या ड्रायव्हरला जागं व्हायला सांगितलं होतं, आणि त्याने त्या हुकमाला उत्तरच दिलं नव्हतं. डम्प डिबगरमध्ये उघडला तर अडकलेली विनंती त्याच्याच नावावर. या वेळी नाव खऱ्या गुन्हेगाराचं होतं. झाकण मिटल्यावर काहीच करायचं नाही अशी सेटिंग, यूएसबीची वीजबचत बंद आणि ड्रायव्हरची आधीची आवृत्ती, एवढ्यावर काम भागलं. टेबलावर त्या लॅपटॉपचं झाकण कधी मिटलंच गेलं नव्हतं.

फॉरमॅट मारणाऱ्यांबद्दल काका सौम्यपणे बोलू शकत नाहीत. त्यांच्या मते ती दुरुस्ती नव्हे, तो पुरावा पुसणं आहे. एका क्लिकवर सगळे ड्रायव्हर ‘अपडेट’ करून देणाऱ्या सॉफ्टवेअरवर तर त्यांचा विशेष राग. त्याला त्यांच्याकडे पक्कं उदाहरण आहे. विंडोज ११ आलं तेव्हा इंटेलच्या अकराव्या पिढीच्या प्रोसेसरवर स्मार्ट साउंडच्या ड्रायव्हरच्या दोन आवृत्त्या निळा पडदा दाखवत होत्या, १०.२९.०.५१५२ आणि १०.३०.०.५१५२. मायक्रोसॉफ्टने अशा मशीनचं अपग्रेडच रोखून धरलं. उपाय होता शेवटी ५७१४ किंवा त्यापुढचा आकडा असलेली आवृत्ती, आणि १०.३० ही १०.२९ पेक्षा नवी समजू नका, असं मायक्रोसॉफ्टला मुद्दाम लिहावं लागलं. मोठा आकडा म्हणजे नवा माल, असं मानणाऱ्याने इथे काय केलं असतं?

काकांनी लॅमिंग्टन रोडवर उमेदवारी केली त्या काळात साउंड ब्लास्टरच्या कार्डावरचे जंपर हाताने बदलावे लागत, कारण कार्ड आणि प्रिंटर प्रोसेसरला हाक मारायच्या एकाच तारेवर, आयआरक्यू ७ वर, भांडायचे. तेव्हाचे कारागीर निदान भांडण कोणाचं आहे हे तरी शोधायचे, असं काका म्हणतात. त्या काळाबद्दल त्यांना जरा जास्तच माया आहे, पण हा मुद्दा खोडता येत नाही.

त्यांचा खरा अभिमान वेगळाच होता: कान. लॅपटॉप उघडण्याआधी ते स्पीकरशी कान नेत, डोळे मिटत, आणि ऑपरेटर बघतोय याची खात्री करून सांगत, “वायफाय बंद कर.” कटकट थांबली की ऑपरेटरच्या चेहऱ्यावर जे उमटायचं, त्यासाठी आपण पैसेही कमी घेतले असते, हे ते आज उघडपणे कबूल करतात. आता साठी उलटली आहे. वरच्या पट्टीतले बारीक आवाज त्यांना येईनासे झालेत. त्यांच्या हाताखाली शिकणारी परळची मुलगी म्हणते, “सर, वाजतंय,” आणि त्यांना स्वच्छ शांतता ऐकू येते. मग ते ड्रायव्हरचा उशीर मोजणारं लेटन्सीमॉन लावतात. आलेखावर डीपीसीचा सुळका दिसतो आणि तिचं म्हणणं खरं ठरतं.

विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हापासून नाटकवाल्यांचे जुने लॅपटॉप विंडोज ११ साठी रांगेत आहेत. अपग्रेडच्या आधी ऑडिओ ड्रायव्हरची आवृत्ती वहीत उतरवणं, मग झाकण मिटून-उघडून पाहणं, हा क्रम काकांनी तिला घालून दिला आहे. डम्प वाचणं अजून त्यांच्याकडे आहे. पण प्रयोगाच्या दुपारी ऑपरेटर आता फोन तिला करतात. ते ऐकताना छातीत काहीतरी टोचतं, असं त्यांनी सांगितलं, आणि लगेच पुढे, की फोनवर तिने वायफाय बंद करायला सांगितलं ते अगदी बरोबर होतं.