पवईच्या पाण्याखालीं

तलाव पाहावयास गेलेला मनुष्य बहुधा पाण्याचा पृष्ठभाग पाहून परत येतो. डोंगराचें प्रतिबिंब, काठची झाडी, उडणारे बगळे एवढें दृष्टीस पडलें कीं तलाव पाहिल्याचें समाधान त्यास वाटतें. आम्हीहि पवईचा तलाव वर्षानुवर्षें असाच पाहत आलों होतों. मुलुंडास राहत असल्यामुळें जोगेश्वरी-विक्रोळी रस्त्यानें आमचें जाणेंयेणें नेहमींचेंच. गाडीच्या खिडकींतून तें पाणी दिसावें आणि आपण तें ओळखतों असें वाटावें, इतकाच आमचा परिचय. परंतु गेल्या आश्विनांत आमच्या मामांच्या संगतींत तेथें एक सबंध सकाळ काढण्याचा योग आला, आणि या तलावाचा तळ आम्हांस मुळींच ठाऊक नव्हता हें ध्यानांत आलें.

मामांचें वय आतां शहात्तर. उभ्या जन्मांत त्यांनीं मासा तोंडांत घातला नाहीं. पण गळ टाकण्याचा नाद मात्र त्यांस तरुणपणापासून आहे. धरलेला मासा ओल्या हातानें सोडवावयाचा व पुन्हा पाण्यांत जाऊं द्यावयाचा, हा त्यांचा नेम. आमच्या आजीस हा नाद कधींच रुचला नाहीं. "खावयाचा नाहीं, तर त्या मुक्या जिवाच्या ओठांत लोखंड कशास घालतोस रे?" असें ती विचारीत असे, आणि मामांजवळ त्यास उत्तर नसे. पुढें ते पुण्यास स्थायिक झाले आणि जवळजवळ तीस वर्षें त्यांचें पवईस जाणें सुटलें. मध्यंतरीं कांचबिंदूनें त्यांची दृष्टीहि बरीच मंदावली. यंदा ते आमच्याकडे आले तेव्हां "एकदां मला पवईस नेऊन आण," एवढीच इच्छा त्यांनीं बोलून दाखविली. तेथील गळ टाकणाऱ्यांच्या मंडळाची अनुज्ञा घेऊन आम्ही एके दिवशीं पहांटेच्या आगगाडीनें कांजूरमार्गास उतरलों व तेथून रिक्षानें तलावावर गेलों.

वाटेंत मामांनीं तलावाची जन्मकथा सांगितली. मुंबईस पाणी पुरविण्यासाठीं १८६० सालीं विहार व १८७९ सालीं तुळशी हे तलाव पुरे झाले. त्यांच्यामागून १८९१ च्या सुमारास पवईच्या दरीस टेकड्यांच्या मध्यें बांध घालून हा तिसरा तलाव करण्यांत आला. पण याचें पाणी पिण्यास योग्य ठरलें नाहीं आणि ती योजना सोडून द्यावी लागली. आजहि पावसाळ्यांत तलाव भरून वाहूं लागला कीं जादा पाणी मिठी नदीस मिळतें.

"तेव्हां हें तळें नव्हे, ही बुडालेली दरी आहे," मामा म्हणाले. "ओढा, शेताचे बांध, खडक, सगळें जिथल्या तिथें ठेवून वर पाणी चढलें. मासा शोधावयाचा म्हणजे आधीं ती दरी शोधावयाची."

हा विचार मामांनीं तरुणपणीं एका अमेरिकन मासिकांत वाचला होता. तिकडील तळ्यांत 'बास' नांवाचा एक चपळ, शिकारी मासा असतो. अनोळखी तलावांत तो कोठें सांपडेल हें तळाच्या रचनेवरून ठरवावें, अशी पद्धति उत्तर कॅरोलिनांतील बक पेरी या गृहस्थानें रूढ केली. मासे तलावभर विखुरलेले नसतात. त्यांचा बराचसा काळ खोल पाण्यांत जातो आणि भक्ष्यासाठीं उथळ पाण्याकडे येतांना ते ठराविक वाटांनींच येतात, असें त्याचें म्हणणें. पाण्याखालचा उंचवटा, जुन्या ओढ्याचा कांठ, एकदम खोल होणारी कडा ह्या त्या वाटा होत. पाणी निवळ असलें म्हणजे काम सोपें होतें असें कोणी समजूं नये. निवळ पाण्यांत आपल्यास मासा दिसतो तसे आपणहि माशास दिसतों. शिवाय प्रकाशकिरणांच्या वक्रीभवनामुळें डोळा फसतो. चार हात खोल असलेला तळ सरळ वरून पाहतां तीन हातांवरच दिसतो.

अर्थात् हा विनोद सर्वस्वीं परदेशचा आहे असें नाहीं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकांत रचलेल्या 'मानसोल्लास' ग्रंथांत मत्स्यविनोदाचें स्वतंत्र प्रकरण आहे. कोणता मासा कोठें राहतो, त्यास आमिष कोणतें घालावें, काठी व दोरी कशी असावी, याचें विवेचन त्यांत आढळतें. सुप्रसिद्ध मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. सुंदरलाल होरा यांनीं १९५१ सालीं त्यावर विस्तृत लेख लिहून शास्त्रज्ञांचें लक्ष तिकडे वेधलें. अमेरिकन बास आमच्या तलावांत नाहीं. पण त्याच्याच वृत्तीची मरळ आहे. तीहि पाणवनस्पतींच्या आडोशास दबा धरून बसते आणि जवळून जाणाऱ्या बेडकावर किंवा लहान माशावर अकस्मात् झडप घालते. मामांच्या पेटींत यासाठीं एक रबरी बेडूक होता. जिवंत आमिष त्यांनीं कधींच वापरलें नाहीं.

काठावर पोंचल्यावर गळ टाकण्याची घाई मामांनीं केली नाहीं. "आधीं मला डोंगर सांग," असें म्हणून ते खडकावर बसले. तलावांत मगरी आहेत, म्हणून पाण्यापासून चार पावलें दूरच बसावयाचें, हेंहि त्यांनीं बजावलें. मग कोणती टेकडी तलावाकडे सरळ उतरते, कोणती हळूहळू पसरत येते, खडकाचें नाक कोठें पुढें आलें आहे, हें ते आम्हांस विचारूं लागले. जमिनीचा उतार पाण्याच्या कडेशीं थांबत नसतो. काठाशीं उभी उतरण असेल तर पुढें खोल पाणी जवळ असतें. काठ सपाट असेल तर उथळपणा दूरवर जातो. त्यानंतर पक्ष्यांची चौकशी झाली. कवड्या खंड्या एकाच जागीं पंख फडफडवीत थांबला तर खालीं लहान मासळी आहे. पाणकावळे जेथें पुनःपुन्हां बुड्या मारतात तेथेंहि तेंच. चिखलांतून बुडबुड्यांची रांग वर आली तर रोहू किंवा मृगळ तळ उकरीत असावा. वारा सुटल्यावर तो ज्या काठाकडे वाहतो तिकडे तरंगतें अन्न जमतें व त्यामागें मासेहि जातात.

एवढें झाल्यावर त्यांनीं दोरीस शिशाची गोळी बांधावयास सांगितलें. प्रथम खोली ठाऊक असलेल्या जागीं ती सोडून, तळास पोंचेपर्यंत किती अंक मोजले जातात याचें माप घेतलें. मग तीच गोळी दूर फेंकावयाची आणि पाण्यास लागतांच मोजावयास आरंभ करावयाचा. गोळी टेकली कीं दोरी सैल पडते. नंतर ती हळूहळू ओढतांना खडक असेल तर बोटांस टिकटिक असे धक्के बसतात, वाळू असेल तर खरखर जाणवते, आणि गाळ असेल तर गोळी जड होऊन येते. या कामीं डोळ्यांची गरज नाहीं. दोरी मामांच्या बोटांत होती. मोजणें आमच्याकडे होतें.

जुन्या ओढ्याचा कांठ मामांस पाठ होता. विशिष्ट टेकडीच्या खांद्याच्या रोखानें फेंकलें कीं नवाच्या अंकास गोळी टेके आणि ओढतांना खडक लागे, असें त्यांनीं आधींच सांगून ठेविलें होतें. आम्हीं त्या रोखानें फेंकलें. चार म्हणतांच दोरी सैल झाली.

"लौकर मोजलेंस," मामा म्हणाले. "पुन्हा फेंक."

दुसऱ्यानें चार, तिसऱ्यानेंहि चारच. दोरी ओढली तेव्हां टिकटिक नव्हती. गोळीस काळा, दुर्गंधीयुक्त गाळ चिकटून आला. मामांनीं तो बोटांनीं चोळून पाहिला व बराच वेळ ते कांहीं बोलले नाहींत. आजूबाजूच्या टेकड्या खोदल्या गेल्या, वस्ती वाढली, सांडपाणी येऊं लागलें, जलपर्णी माजून कुजली, आणि वर्षानुवर्षें तें सारें खालीं बसत गेलें. वरून पाहणारास पाणी तेवढेंच दिसतें. आम्ही शेंकडों वेळां तेथून गेलों असूं. त्या पाण्याखालचा ओढा बुजला याची आम्हांस दाद नव्हती.

थोड्या वेळानें मामा म्हणाले, "गाळ खोलगट जागीं बसतो, उभ्या उतारावर टिकत नाहीं. तेव्हां ओढा गेला तरी खडकाचें नाक राहिलें असेल. तिकडे चल." तर्क खरा ठरला. डावीकडील त्या नाकासमोर दोन, तीन व मग एकदम सात असे अंक आले आणि बोटांस खडक लागला. कडेवर जलपर्णीचा एक पट्टा होता व त्यांत वाटीएवढी मोकळी जागा होती. मरळीस कल्ल्यांखेरीज हवेंतून श्वास घेण्याचीहि सोय असते, म्हणून तिला मधूनमधून वर यावेंच लागतें. दहा-पंधरा मिनिटांत तेथें 'गुळुक्' असा आवाज झाला. आम्हांस तो ऐकूंहि आला नाहीं. मामांनीं मान वळविली.

आम्हीं रबरी बेडूक तयार केला. फेंकणार तोंच त्या मोकळ्या जागीं पाणी बारीक पावसाचे थेंब पडावेत तसें थरथरूं लागलें. ताटाएवढा एक पुंजका वर आला व पुन्हा खालीं गेला.

"रंग कसला?" मामांनीं विचारलें.

"तांबूस, शेंदरासारखा."

"दोरी गुंडाळ."

तीं मरळीचीं पिल्लें होतीं. तीं अशींच थव्यानें हिंडतात आणि आईबाप त्यांच्या खालीं राखण करितात. या काळांत पिल्लांजवळ जें येईल त्यावर मरळ भूक नसतांहि तुटून पडते. त्यामुळें तिला धरणें अगदीं सोपें असतें. पण ती गेली कीं त्या थव्याचा दुसऱ्या माशांकडून लवकरच फडशा पडतो. अमेरिकन बासचा नरहि पिल्लांची अशीच राखण करितो, असें मामांनीं सांगितलें. तीस वर्षांनीं आलेली संधि त्यांनीं अशी सोडून दिली. आम्हीं त्याबद्दल कांहीं बोलावें तोंच ते म्हणाले, "यांत मोठेपणा नाहीं. पिल्लें नसतीं तर मी टाकला असता गळ. आईच्या प्रश्नाचें उत्तर मला अजून सांपडलेलें नाहीं."

दहाच्या सुमारास ऊन चढलें व आम्ही परत निघालों. अलीकडे या तलावाच्या काठाविषयीं बरीच जागृति झाली आहे. काठावरून सायकलींचा मार्ग नेण्याचें काम २०२२ च्या मे महिन्यांत मुंबई उच्च न्यायालयानें बेकायदेशीर ठरविलें व झालेलें बांधकाम काढण्याची आज्ञा दिली. जलपर्णी काढण्याचें कामहि चालतें. परंतु काठ आणि पृष्ठभाग सर्वांस दिसतात, म्हणून त्यांविषयीं भांडणारेहि मिळतात. तळाचा कैवार घेण्यास तळ कोणास तरी ठाऊक असावा लागतो. तें ज्ञान मामांसारख्या कांहीं म्हाताऱ्या माणसांच्या बोटांत उरलें आहे.

त्या रात्रीं जेवणें झाल्यावर मामांनीं घरांतील मुलांस भोंवतीं बसविलें. त्यांनीं सांगावें आणि मुलांनीं काढावें, असा पवईच्या तळाचा एक नकाशा तयार झाला. ओढा कोठें होता, खडक कोठें, पूर्वीं कोणत्या रोखानें किती अंक मोजावे लागत, हें त्यांत काळ्या शाईनें मांडलें. त्या दिवसाचे आंकडे शेजारीं तांबड्या शाईनें लिहिले. नकाशा दिवाणखान्यांत लावला आहे. पुढल्या आश्विनांत मुलांस घेऊन पुन्हा जावयाचें, गळ घरीं ठेवावयाचा आणि फक्त शिशाची गोळी न्यावयाची, असें ठरलें आहे.