उंद्रीहून निघालो होडी बघायला!

मैत्रिणींनो, चिखली तालुक्यातलं आमचं उंद्री म्हणजे काळ्या मातीचं, कापूस-सोयाबीनचं गाव. इथे होडीचं काय काम, असंच वाटेल ना? पण नणंदबाईंचे यजमान पैनगंगेवरच्या पेनटाकळी धरणात मासे धरतात. त्यांना मुंबईत एक जुनी होडी स्वस्तात मिळत होती.

खामगावमार्गे शेगाव, तिथून रात्रीची रेल्वे. वाटेत ससून डॉकही पाहिला. १८७५ सालचा हा धक्का, पहाटेच्या लिलावाची काय ती गडबड! कोळणींपुढे आपली भाजीबाजारातली घासाघीस अगदीच लिंबूटिंबू.

होडी वर्सोव्याला होती. फायबरची, रंग ताजा. नणंदबाईंनी तळ ठोकठोकून पाहिला. एके जागी आवाज बद्द आला, म्हणजे आत पाणी मुरलेलं!

पैसे पाटल्यांवर काढायचे होते. सोनेतारण कर्जाचं व्याज पैसे उचलल्या दिवसापासून चढतं, म्हणून पाटल्या अजून घरीच होत्या. होडीवर जुनं कर्ज नसल्याचा बँकेचा दाखलाही त्यांनी मागितला. मालक दुरुस्ती करून द्यायला तयार आहे. आता उंद्रीपर्यंतचं ट्रकभाडं कोणी द्यायचं, यावर घोडं अडलंय.