दोन नजरा

दिवाळीच्या दिवसांत इस्पितळाच्या गोष्टी कशाला, असे कोणी म्हणेल. पण यंदा आमच्या घरी करंज्या कोणी तळायच्या, हा प्रश्न इस्पितळातच सुटला. तेव्हा वाचकांनी क्षमा करावी.

हिच्या हृदयाची एक झडप नीट मिटेनाशी झाली होती. छाती उघडणे हिला झेपणारे नव्हते. डॉक्टर म्हणाले, "मांडीच्या शिरेतून बारीक नळी आत नेऊ आणि झडपेच्या दोन पाकळ्यांना चिमटा लावू."

"पण आतले दिसणार कसे?"

"तीच तर गंमत आहे, काका."

गंमत अशी. १८९५ साली राँटगेन या जर्मन शास्त्रज्ञाने क्ष-किरणांनी बायकोच्या हाताचे चित्र घेतले. त्यात हाडे दिसली, बोटातली अंगठीही दिसली. क्ष-किरणांची नजर अजून तशीच आहे. नळी आणि चिमटा त्यांना स्वच्छ दिसतो; झडपेची मऊ पाकळी दिसत नाही. ध्वनिलहरींचे उलट. १९५३ साली स्वीडनमधल्या लुंड येथे एडलर आणि हर्ट्झ यांनी धातूतल्या भेगा शोधण्याचे यंत्र उसने आणून हृदयावर लावून पाहिले. आज या लहरींना पाकळीची हालचाल दिसते, उलटे फिरणारे रक्त दिसते. नळीचे टोक मात्र चटकन सापडत नाही. एकाला पाहुणा दिसतो, घर दिसत नाही. दुसऱ्याला घर दिसते, पाहुणा ओळखू येत नाही!

एरवी ही सांगड डॉक्टरांनी दोन पडद्यांकडे पाहून मनातल्या मनात घालायची. आता संगणक मदतीला आला आहे. अन्ननलिकेत उतरवलेले ध्वनिलहरींचे उपकरण क्ष-किरणांच्या चित्रातही दिसते. ते कुठे आहे, कसे कलले आहे, हे ओळखून संगणक एक चित्र दुसऱ्यावर बसवतो. ध्वनिचित्रात झडपेवर ठेवलेली खूण क्ष-किरणांच्या चित्रात उमटते. आंधळ्याच्या खांद्यावर पांगळा बसला, की दोघेही गावाला पोचतात ना, तसेच.

ते सगळे आत चालले असताना मी बाहेर बाकावर बसून होतो. जिना चढताना ही सहा महिने मधेच थांबत होती. ते मला दिसत होते. 'वय झाले' म्हणून मी सोडून दिले होते. छातीत काय होते, ते हिला कळत होते. 'यांना कशाला घोर' म्हणून ही बोलली नव्हती. दोन्ही चित्रे घरातच होती. एकावर एक ठेवायला मात्र आम्हांला सुचले नाही.

ही सुखरूप घरी आली. करंज्या यंदा मी तळल्या. झारा माझ्या हातात होता, आणि आच कधी कमी करायची ते ही खुर्चीवरून सांगत होती. दोन-चार फुटल्या, बाकीच्या साधल्या.