सेफगार्ड : नागपुराहून भाच्यास पत्र

नागपूर

चि. भाच्यास,

तुझे पत्र पावले. ‘सेफगार्ड’ म्हणजे कायद्यात नेमके काय, हे तू मला विचारलेस याचे समाधान वाटले, कारण ज्या नगरीत माझी सारी वकिली झाली तिच्या सार्वजनिक जीवनात या शब्दाइतकी आशा आणि इतका विषाद दुसऱ्या कोणत्याही शब्दाने निर्माण केला नसेल. परमुलखातून निर्धास्त जाता यावे म्हणून दिलेल्या लेखासही इंग्रज पूर्वी हाच शब्द लावीत. आपल्या जुन्या दप्तरांत त्यास कौल किंवा अभयपत्र म्हणत. पुढे राज्यकारभाराच्या भाषेत, बलवत्तर पक्षाशी एकत्र नांदण्यास रुकार देताना दुर्बल पक्षाने आधीच लिहून घेतलेली हमी, असा त्याचा अर्थ रूढ झाला.

28 सप्टेंबर 1953 चा नागपूर करार हा असाच एक लेख होय. नागपूर त्या वेळी मध्य प्रदेशाची राजधानी होती, येथे 1936 पासून स्वतंत्र उच्च न्यायालय होते, आणि हे सारे वैभव सोडून मराठी राज्यात यायचे तर विदर्भास काय मिळेल, या प्रश्नाचे उत्तर म्हणून यशवंतराव चव्हाण, भाऊसाहेब हिरे, रा. कृ. पाटील प्रभृतींनी त्यावर सह्या केल्या : निधीची न्याय्य वाटणी, नोकऱ्यांत व शिक्षणात लोकसंख्येच्या मानाने वाटा, नागपुरास उच्च न्यायालयाचे खंडपीठ, आणि वर्षातून ठरावीक काळ सरकारचा मुक्काम व विधिमंडळाचे निदान एक अधिवेशन. राज्यपुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगाने 1955 साली स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली असताही ती बाजूस सारली गेली, म्हणून या कागदाचे मोल अधिकच वाढले.

आता त्यातील कलमांचे पुढे काय झाले ते पाहा. खंडपीठाची तजवीज 1960 च्या मुंबई पुनर्रचना कायद्याच्या कलम 41 मध्ये झाली, आणि तेथे मोघमपणास जागाच ठेवलेली नाही : निदान तीन न्यायमूर्ती नागपुरास बसतील, आणि बुलढाण्यापासून चांद्यापर्यंत नावे घेऊन सांगितलेल्या जिल्ह्यांचे खटले चालवतील. ते पीठ आजतागायत अखंड चालू आहे. निधीच्या व नोकऱ्यांच्या हमीस मात्र घटनेच्या अनुच्छेद 371(2) मध्ये जागा मिळाली ती अशी की, राष्ट्रपतींस आदेश काढून विकास मंडळांची विशेष जबाबदारी राज्यपालांवर सोपवता येईल. ‘सोपवावी लागेल’ असे तेथे नाही. परिणाम असा की, 1956 साली घटनेत आलेल्या या तरतुदीखाली पहिला आदेश निघाला 1994 साली. मधल्या काळात वि. म. दांडेकर यांच्या समितीने 1984 च्या अहवालात राज्यातील प्रादेशिक अनुशेष, म्हणजे विकासातील मागे राहिलेली तूट, सुमारे 3186 कोटी रुपयांचा ठरवला, आणि ‘अनुशेष’ हा बोजड शब्द विदर्भातल्या शेतकऱ्याच्याही तोंडी बसला. 1994 च्या आदेशाखालील मंडळांची मुदत 30 एप्रिल 2020 रोजी संपली.

अधिवेशनाची गोष्ट निराळी. ते नागपुरास भरलेच पाहिजे असे अनुच्छेद 371 मध्ये नाही, तरी सिव्हिल लाइन्समधील विधानभवनात ते भरत आले, कारण ते न भरल्यास साऱ्या विदर्भाच्या डोळ्यांवर येते. 2020 व 2021 साली ते मुंबईस झाले तेव्हा केवढी चर्चा उठली! परंतु ठरावीक काळ सरकारच येथे राहावे, हा करारातला मूळ हेतू त्या थोड्या दिवसांपुरता उरला, याचे मला मनापासून दुःख आहे.

माझे मत विचारशील तर, करार करणाऱ्यांच्या इमानावर मी कधीच संशय घेतलेला नाही. ज्या हमीचा जिम्मा कोणाच्या शिरी, कोणत्या मुदतीत आणि चुकल्यास दाद कोठे, हे लिहिलेले नव्हते तीच ढिली पडली. तुझ्या निबंधात कलम 41 आणि अनुच्छेद 371(2) यांचे शब्द शेजारी शेजारी उतरवून घे, आणि मंडळांचे जे वार्षिक अहवाल विधानसभेपुढे ठेवावयाचे होते ते ग्रंथालयात मिळतील तेवढे वाच. मामी तुला आशीर्वाद सांगते.

तुझा,
मामा